अंगणात गेलेली शाळा

आपल्या स्मरणिकेत आजवर मी पाककृतीच लिहीत आले. गेल्या खेपेला नाचणीच्या सत्त्वाची कृती दिली होती, त्याआधी उपवासाचे घावन. यंदा चिटणीसबाई म्हणाल्या, "संध्याकाळच्या अभ्यासवर्गावर तुम्हीच लिहा." मी म्हटले, "अहो, माझे शिक्षण सातवीपर्यंत. शिकवण्याविषयी मी काय लिहिणार?" त्या म्हणाल्या, "मग सातवीपर्यंतचेच लिहा." तेव्हा चूकभूल देणे-घेणे, असे म्हणून लेखणी हाती घेतली आहे. वर्गाची हकीगत सांगता सांगता थोडा इतिहासही सांगणार आहे, कारण तो वाचल्यावाचून माझे डोळे उघडले नाहीत.

करोनाच्या साथीत शाळा बंद पडल्या आणि आपल्या आळीतली चौथी-पाचवीतली मुले जोडाक्षरे विसरली, हे आपण सर्वांनी पाहिले. म्हणून 2021 च्या अखेरीस मंडळाने समाजमंदिराच्या मागच्या खोलीत अभ्यासवर्ग काढला. ज्या बायका शिकलेल्या होत्या त्या नोकरीला जाणाऱ्या. दुपारी चारनंतर मोकळी अशी मीच सापडले. पहिल्या आठवड्याला अकरा मुले आली, महिन्याभरात तीस झाली. आळीतली होती, स्टेशनच्या बाजूची होती आणि ओढ्यापलीकडच्या वीटभट्टीवरचीही होती.

तीस मुले एका खोलीत म्हणजे काय, हे ज्याने अनुभवले त्यालाच कळेल. एक पाढे म्हणतो, दुसरा त्याची पेन्सिल पळवतो, तिसरीला पाणी प्यायला जायचे असते आणि चौथा भिंतीला पाय लावून उलटा. मी आधी गोड बोलले, मग ओरडले, मग घरून लाकडी फूटपट्टी नेली. प्रथम ती टेबलावर आपटत असे. पुढे एके दिवशी ती एका मुलाच्या हातावर बसली. तो रडला नाही. नुसता माझ्याकडे बघत राहिला. ते बघणे मला ओळखीचे होते. मी सहावीत असताना फी भरायला उशीर झाला म्हणून आमच्या वर्गात मला बाकावर उभे केले होते आणि दोन्ही हातांवर छडी दिली होती. त्या शाळेचे नाव लिहीत नाही, लिहून आता काय होणार? पण सातवीनंतर मी शाळा सोडली त्याला घरची परिस्थिती जशी कारण, तशीच ती छडीही कारण आहे. घरच्यांनी "पुढे जायचे का?" असे विचारले होते. मीच नको म्हटले.

मुलांना मारू नये असा आता कायदाच आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत अंगाला किंवा मनाला त्रास देणारी शिक्षा करण्यास मनाई केली आहे, आणि तो कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. मला हे ठाऊक नव्हते असे नाही. पण कायदा मुलांना गप्प कसे बसवावे ते सांगत नाही. ते सांगणारी माणसे आपल्याकडे होऊन गेली आहेत, हे मला वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंनी दाखवले. त्यांनी मला एक पातळसे पुस्तक काढून दिले, गिजुभाई बधेका यांचे 'दिवास्वप्न'.

गिजुभाई मूळचे वकील. 1885 साली सौराष्ट्रात जन्मलेले. स्वतःला मुलगा झाल्यावर त्याला कोणत्या शाळेत घालावे या विचारात पडले आणि त्या विचारातून वकिली सुटली. भावनगरला नानाभाई भट्ट यांची दक्षिणामूर्ती ही संस्था होती, तिथे त्यांनी 1920 साली बालमंदिर काढले. मुले त्यांना 'मूछाळी मा', म्हणजे मिशावाली आई, म्हणत. 'दिवास्वप्न' ही कल्पित कथा आहे, पण ती लिहिणारा वर्गात उभा राहिलेला माणूस आहे हे पहिल्या चार पानांत कळते. त्यातील लक्ष्मीराम मास्तर चौथीचा एक वर्ग वर्षभर प्रयोगासाठी मागून घेतात. पहिल्या दिवशी मोठ्या उमेदीने ते मुलांना शांततेचा खेळ खेळू या म्हणतात, आणि मुले त्यांचा असा काही फज्जा उडवतात की विचारू नका! माझ्या खोलीतला गोंधळ कोणी लिहून ठेवला आहे की काय, असे मला वाटले. मी एकटीच हसले आणि मग जरा रडूही आले.

दुसऱ्या दिवशी मास्तर गोष्ट सांगायला बसतात. मुले हळूहळू जवळ सरकतात. गोष्ट ऐन रंगात आली की मास्तरांना जे करून घ्यायचे ते करून घेता येते, कारण पुढे काय झाले हे ऐकण्यासाठी मुले नीट बसायला आपणहून तयार असतात. पुढे ते नखे पाहतात, खेळ घेतात. पाठ्यपुस्तके घेण्याच्या पैशांतून वर्गाचेच छोटे वाचनालय करू, असे मुलांना सांगतात. छडी कुठेच नाही. मला त्यात विशेष वाटले ते हे, की मास्तर फसल्यावर मुलांना दोष देत नाहीत. आपलाच बेत चुकला असे म्हणून घरी जाऊन नवा बेत करतात. आपण स्वयंपाकात तेच करतो. भाकरी मोडली तर पिठाला शिव्या देत नाही, पाणी कमी पडले का ते बघतो. मुलांच्या बाबतीत मात्र हे आपल्याला का सुचत नाही, कोण जाणे.

तो शांततेचा खेळ मूळचा इटलीतल्या डॉक्टर मारिया मॉंटेसोरी यांचा. रोम शहरात सान लोरेंझो नावाची गरीब वस्ती होती. तिथल्या चाळींच्या मालकांना भीती वाटली की आईबाप कामावर गेल्यावर मागे राहिलेली पोरे भिंती खराब करतील. तेवढ्यासाठी त्यांनी एक खोली दिली आणि 6 जानेवारी 1907 रोजी तिथे बालगृह सुरू झाले. भिंती वाचवण्यासाठी निघालेली शाळा जगभर गेली! एकदा मॉंटेसोरीबाईंनी अंगणात भेटलेल्या एका आईकडून चार महिन्यांचे बाळ कडेवर घेतले आणि वर्गात नेले. बाळ किती शांत आहे, तुम्हाला तितके शांत राहता येईल का, असे त्यांनी मुलांना विचारले. मुले श्वास आवरून बसली. पुढे त्यांनी त्याचा खेळच केला. बाई दुसऱ्या खोलीत जाऊन एकेका मुलाचे नाव अगदी हळू उच्चारीत. ज्याचे नाव येई तो पावलांचा आवाज न करता उठून त्यांच्याकडे जाई. नाव ऐकू यावे म्हणून बाकीची मुले आपोआप गप्प.

हा खेळ मी आपल्या खोलीत करून पाहिला. पहिले तीन दिवस माझाही लक्ष्मीराम मास्तर झाला. चौथ्या दिवशी मी आधी गोष्ट सांगितली, चिमणीची नव्हे, माझ्या आजीच्या घरात नाग निघाला त्याची, आणि मग पडवीत जाऊन नावे कुजबुजले. बाहेर रिक्षांचे हॉर्न चालू होते तरी आतून पंख्याची करकर मला ऐकू आली. तीस मुलांच्या खोलीत पंखा ऐकू येणे ही काय चीज आहे ते मला विचारा.

बक्षिसांविषयीही मॉंटेसोरीबाईंनी एक गंमत लिहून ठेवली आहे. वर्गात एका हुशार मुलाला पदक दिलेले आणि एका खोडकर मुलाला शिक्षा म्हणून खुर्चीत एकटे बसवलेले. हुशार मुलगा आपल्या कामात गुंग होऊन इकडून तिकडे जात होता. त्याचे पदक खाली पडले, ते खोडकराने उचलले आणि "तुझे पडले" असे म्हणाला. याला त्याचे काहीच नाही, काम करू द्या म्हणजे झाले. पदक खुर्चीतल्यानेच छातीला लावून घेतले. हे वाचल्यावर मी आपल्या वर्गात शुक्रवारी चॉकलेट देणे बंद केले. त्यावर काही पालकांनी नाराजी दाखवली हे खरे आहे. पण चॉकलेट होते तोवर सगळ्यांचे लक्ष डब्याकडे असे, पाटीकडे नसे.

मोठा वर्ग आवरण्याची आणखी एक जुनी रीत आपल्याच देशातून विलायतेला गेली, हेही मला या निमित्ताने कळले. अँड्र्यू बेल नावाचे पाद्री मद्रासला अनाथ मुलांची शाळा चालवीत. आपल्याकडच्या गावठी शाळेत मोठी मुले लहानांना वाळूत अक्षरे गिरवायला शिकवतात हे त्यांनी पाहिले आणि तसेच आपल्या शाळेत केले. 1797 साली त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले. पुढे लंडनमध्ये लँकेस्टर नावाच्या गृहस्थांनी अशाच रीतीने शेकडो मुलांचा एकेक वर्ग चालवला. मात्र शिक्षा म्हणून ते मुलांना टोपलीत घालून छताला टांगीत! म्हणजे रीत चांगली, पण चालवणाऱ्याचा हात कसा त्यावर सारे. मोठ्यांनी लहानांना शिकवावे एवढेच आपण त्यातले घेतले आहे. सातवीतल्या दोघी मुली पहिलीच्या चौघांना घेऊन बसतात. त्या दोघींचे वाचन त्यामुळे अधिक सुधारले.

आता मुख्य हकीगत सांगते. ती दोन बायकांची आहे. 1848 साली पुण्यात सावित्रीबाई आणि जोतीराव यांनी काय केले ते आपण दरवर्षी 3 जानेवारीला ऐकतो. या दोघींचे नाव मात्र आपल्या मंडळात मी कधी ऐकले नव्हते, आणि राहतो आपण त्यांच्या जिल्ह्यात.

ताराबाई मोडक यांचा जन्म 1892 सालचा. मुंबईला 1914 मध्ये बी.ए. झालेल्या. बाईने बी.ए. होणे ही त्या काळी केवढी गोष्ट! संसार टिकला नाही. राजकोटला त्या शिक्षिका तयार करणाऱ्या विद्यालयाच्या प्रमुख होत्या. तेथून 1923 साली त्या भावनगरला गिजुभाईंच्या कामात सामील झाल्या आणि 1926 साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. पुढे 1936 साली दादरला शिशुविहार काढला. हे सारे शहरात चालले होते. मॉंटेसोरीची साधने महाग, गरिबाच्या मुलाला ती कोठून मिळणार, हा विचार त्यांना सोडीना. शेवटी 24 डिसेंबर 1945 रोजी त्यांनी डहाणू तालुक्यातल्या बोर्डी गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. तेव्हा त्यांचे वय 53 होते. आपल्याकडे त्या वयात बायका गुडघ्यांची गोष्ट बोलू लागतात. (मी 46 व्या वर्षीच बोलते.)

तिथे त्यांच्या सोबतीला अनुताई वाघ आल्या. अनुताईंचा जन्म 1910 सालचा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य. वडिलांनी शिकवले. त्या व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे तेव्हाची मराठी सातवी, उत्तम तऱ्हेने पास झाल्या, शिक्षिकेची परीक्षा दिली आणि आधी नाशिककडच्या खेड्यात, मग 1933 पासून पुण्याला हुजूरपागेत शिकवू लागल्या. दिवसा मुलींना शिकवायचे आणि रात्रीच्या शाळेत स्वतः शिकायचे, असे करून मॅट्रिक झाल्या. 'मराठी सातवी' हे शब्द वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले. त्यांची सातवी आणि माझी सातवी एक नव्हे, हे मला कळते. त्या सातवीवर शाळेत नोकरी मिळे, माझ्या सातवीवर रेशनकार्डाचा अर्ज भरता येतो. तरीही.

1945 साली बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टच्या ग्रामसेविकांच्या शिबिरात ताराबाईंची आणि त्यांची गाठ पडली. हुजूरपागेची नोकरी सोडून त्या बोर्डीला गेल्या.

बोर्डीत बालवाडी तर उघडली, पण आदिवासी पाड्यांवरची मुले येईनात. का येईनात, याचा या दोघींनी जो शोध घेतला तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. मुलांना गोडी नाही, आईबापांना कळत नाही, असे म्हणून त्या थांबल्या नाहीत. मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, असे ताराबाईंनी ठरवले. मग पाड्यावर जाऊन कोणाच्या तरी अंगणात मुले जमवायची, त्यांना न्हाऊ-माखू घालायचे, नखे काढायची, केस विंचरायचे, गाणी म्हणायची, गोष्टी सांगायच्या. अंगणात भरते म्हणून तिचे नाव अंगणवाडी. महाग साधनांच्या जागी चिंचोके, शंखशिंपले, खडे, पाने आणि माती. मोजायला मणी पाहिजेत तर बिया आहेत, रंग ओळखायला फुले आहेत. शिकण्याचे तत्त्व रोमचे आणि साहित्य डहाणूच्या रानातले!

1957 साली हे काम जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे आणखी दोन गोष्टी ध्यानात आल्या. थोरली मुलगी शाळेत येत नाही कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असते. आई मजुरीला गेलेली, भावंडाला टाकून ती येणार कशी? म्हणून शाळेलाच पाळणाघर जोडले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी, असे त्याचे रूप होते आणि विकासवाडी हे नाव. धाकटे पाळण्यात, मधले बालवाडीत, थोरली वर्गात. आणि जी मुले गुरे राखायला रानात जात त्यांच्यासाठी कुरणशाळा. गुरे चरत आहेत आणि मुले तिथेच झाडाखाली शिकत आहेत.

ताराबाईंना 1962 साली पद्मभूषण मिळाले आणि 1973 साली त्या गेल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना 33 ठिकाणी सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळाले अंगणवाडी. आज आपल्या सूनबाई-लेकी जिथे बाळाचे वजन करायला नेतात, त्या खोलीचे नाव बोर्डीच्या अंगणातून आलेले आहे. ताराबाईंनी ते पाहिले नाही. अनुताई मात्र 1992 पर्यंत होत्या आणि कोसबाडचे काम त्यांनी शेवटपर्यंत ओढले. 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे त्यांचे पुस्तक वाचनालयात आहे, जरूर न्यावे.

आता माझी चूक सांगते. ती फूटपट्टीपेक्षा मोठी आहे, आणि ती कोणाला सांगितलेली नाही.

भट्टीवरची एक मुलगी वर्गाला येत असे. नऊ-दहा वर्षांची, फार चलाख. एकदा दाखवलेले अक्षर तिला पुन्हा दाखवावे लागत नसे. कडेवर नेहमी वर्षभराचा भाऊ. तो रडे, पाटीवरचे पुसून टाकी, एकदा त्याने सतरंजीवर घाण केली. आळीतल्या मुलांनी नाके दाबली. मी तिला सांगितले, "उद्यापासून याला घरी ठेवून ये. हा असला की वर्ग चालत नाही." ती "हो बाई" म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. खरे सांगायचे तर मला त्या आठवड्यात जरा सुटल्यासारखेच झाले. वर्ग किती शांत झाला, असे मी घरी बोलूनही दाखवले.

आणि मग दोन महिन्यांनी मी अनुताईंचे पुस्तक वाचले. धाकट्या भावंडाचा तो मजकूर वाचताना हातापायातले बळ गेले. साठ वर्षांपूर्वी, याच जिल्ह्यात, याच लोकांच्या मुलीसाठी पाळणा बांधून झाला होता. आणि मी त्या मुलीला बाळ घरी ठेव म्हणून सांगितले होते. घर म्हणजे भट्टीजवळची झावळ्यांची खोप, आणि आई-बाप दोघेही विटा थापायला.

दुसऱ्या दिवशी मी आणि खजिनदारबाई ओढा ओलांडून गेलो. जून लागला होता. पहिला पाऊस पडला की भट्ट्या बंद होतात, हे आपल्याला माहीत असते, पण मला ते तेव्हा आठवले नाही. खोपी मोडून नेलेल्या होत्या. एका ठिकाणी चूल आणि फुटकी बालदी राहिली होती. मुकादम म्हणाला, "ती मंडळी गेली जव्हारकडे. दिवाळीनंतर येतील, नाहीतर दुसऱ्या भट्टीवर जातील, काय सांगता येते?"

गेल्या माघात आपली सहल बोर्डीला गेली होती तेव्हा तुम्ही सर्व चिकूच्या बागेत रमलात आणि मी व खजिनदारबाई रिक्षा करून कोसबाडला गेलो, त्यावरून मागाहून थोडी कुरबूर झाली होती. उशीर झाला हे खरेच होते. कारण तेव्हा सांगितले नाही, ते आज सांगितले. टेकडीवर चढताना खजिनदारबाईंनी मला विचारले, "ताई, ती पोर परत आली तर काय म्हणाल हो तिला?" मला उत्तर सुचले नाही. अजून नीटसे सुचलेले नाही.

परतल्यावर मात्र मी खोलीच्या मागल्या तुळईला दोन कड्या बसवून घेतल्या. सुताराने पैसे घेतले नाहीत. पहिली झोळी माझ्या सासूबाईंच्या नऊवारीची बांधली. आता वर्गात रोज एक-दोन बाळे असतात. ज्याची पाळी असेल तो दोरी हलवतो आणि तोंडाने पाढे म्हणतो. भट्टीवरच्या तीन मुली त्यामुळे येऊ लागल्या आहेत. गडबड आहेच. पंखा काही रोज ऐकू येत नाही. फूटपट्टी मी सुतारालाच देऊन टाकली.

ती मुलगी गेल्या दिवाळीनंतर आली नाही. यंदाच्या भट्ट्या आता लागल्या आहेत आणि नवी माणसे उतरू लागली आहेत. मी दर रविवारी सकाळी एक फेरी मारते. कोणी सोबत येणार असेल तर बरे, ओढ्याजवळ कुत्री फार आहेत. आणि एक विनंती. कोणाकडे जुने सुती लुगडे असेल तर बोहारणीला देण्याआधी मला विचारावे. नायलॉनचे नको, त्यात बाळाला उकडते. मंगळवार ते शनिवार, चारनंतर मी समाजमंदिराच्या मागच्या खोलीत असते.